कारण क्रमांक एक

मा. महानिबंधक व जनगणना आयुक्त,
भारत सरकार, नवी दिल्ली यांस,



हे पत्र हावड्याहून लिहिते आहे, मराठीत लिहिते आहे आणि आपल्या कार्यालयाला न धाडता छापायला देते आहे. मागणे आपल्याकडे आहे, पण ज्यांच्यासाठी ते आहे त्यांचे एक टोक हावड्यात आणि दुसरे महाराष्ट्रात आहे. म्हणून ते आपल्याबरोबर मराठी वाचकांनीही वाचावे, असे वाटले.

आधी मागणे सांगते, मग कारणे. फेब्रुवारी 2027 मध्ये आपले प्रगणक घरोघरी जाऊन माणसे मोजतील. ‘कुठून आलात’ आणि ‘का आलात’ असे विचारतील. त्यातल्या ‘का’ला एक पोटप्रश्न जोडा. ‘कामासाठी आलो’ असे उत्तर आले, तर प्रगणकाने तेवढ्यावर पान उलटू नये. गावातले काम कशाने गेले, तेही लिहून घ्यावे. बस्स, इतकेच.

2011 च्या कुटुंब अनुसूचीत 29 प्रश्न होते. स्थलांतराच्या कारणाला सात क्रमांक दिले होते: 1 काम किंवा नोकरी, 2 व्यवसाय, 3 शिक्षण, 4 लग्न, 5 जन्मानंतर हलवले, 6 कुटुंबाबरोबर आले, 7 इतर. पूर, वादळ, दुष्काळ, खारे पाणी, खचलेला डोंगर, नदीने गिळलेला काठ, यांतले काहीच त्या यादीत नव्हते. नेहमीच असे होते असेही नाही. 1991 च्या जनगणनेत ‘दुष्काळ, पूर यांसारख्या नैसर्गिक आपत्ती’ असे एक कारण रीतसर नोंदवले जात होते. 2001 मध्ये ते काढून टाकले आणि ‘जन्मानंतर हलवले’ हा पर्याय घातला.

त्यानंतर काय काय झाले पाहा. 26 जुलै 2005 ला मुंबईत एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. मे 2009 मध्ये आयला वादळाने सुंदरबनाचे बांध फोडले. मराठवाड्यात एकामागून एक दुष्काळ पडले आणि 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. 2020 मध्ये अम्फान वादळ आले, 2021 मध्ये यास. तळिये 2021 मध्ये दरडीखाली गेले, इर्शाळवाडी 2023 मध्ये. म्हणजे हवामान बिघडल्याचे सगळ्या जगाला कळू लागले, नेमक्या त्याच काळात ते नोंदवण्याची जागा आपल्या फॉर्मातून नाहीशी झालेली होती.

2011 साली मी मुंबईत शिक्षिका होते आणि इतर हजारो शिक्षकांसारखी प्रगणकही. माझा प्रगणक गट झवेरी बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत होता. तिथल्या माळ्यांवर सोन्याचे कारागीर राहतात. दिवसा ज्या फळीवर बसून काम करायचे, रात्री तिच्याचखाली पथारी पसरायची. बहुतेक सगळे बंगालचे: हावडा, हुगळी, मेदिनीपूर. डाख देणारा कारागीर तोंडातली फुंकणी काढायचा, वय सांगायचा, पुन्हा ज्योतीवर फुंकर घालायचा; फुंकणी काढायचा, गाव सांगायचा. एक विशीतला मुलगा हावडा जिल्ह्यातल्या उदयनारायणपूरचा होता. का आलास म्हटल्यावर म्हणाला, काम. मी 1 लिहिला. तो मात्र आपणहून बोलत राहिला. दामोदर नदीच्या पाण्यात उभे भात गेले, पुढच्या पेरणीला वडिलांनी शेत गहाण टाकले, ते सोडवता येईना, मग मामाने याला चौदाव्या वर्षी मुंबईला आणून फळीवर बसवले. हे सगळे ऐकायला माझ्यासमोर एकच चौकोन होता आणि त्यात आकडा मावत होता.

त्याच रस्त्यावर पुढच्या इमारतीत नागपूरहून बदली होऊन आलेले एक बँक अधिकारी राहत होते. त्यांचेही कारण 1. तक्त्यात दोघे शेजारी बसले. 2011 चे तक्ते सांगतात की देशात 45 कोटींहून जास्त माणसे आपली पूर्वीची जागा सोडून दुसरीकडे राहतात. ते तक्ते हाती यायला 2019 उजाडले, आणि आले तेव्हा त्यांत बदली झालेला साहेब आणि गहाण शेताचा वारस यांच्यात फरक करण्याची काही सोय नव्हती.

निवृत्तीनंतर मुलीच्या नोकरीमुळे मी शिबपूरला राहायला आले. माझे स्वतःचे कारण 6. मराठी माणसाला हे गाव तसे परके नाही. 1742 मध्ये आपण मराठे बर्गी म्हणून बंगालवर आलो, तेव्हा कारण विचारण्याच्या भानगडीत कुणी पडले नाही; कलकत्तेकरांनी सरळ मराठा खंदक खणायला घेतला. पुढे 1900 साली बंगाल-नागपूर रेल्वे हावड्याला पोचली आणि येणेजाणे सुखाचे झाले. डिसेंबर 1977 मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना हावडा-मुंबई गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. तिच्यात वर्ग नव्हते. साध्या माणसालाही लांबच्या प्रवासात पाठ टेकता यावी, हा आग्रह त्या गाडीमागे होता.

आज हावडा स्टेशनच्या नव्या इमारतीत मुंबईच्या गाडीआधी जनरल डब्याची रांग लागते. ती उभी नसते, बसलेली असते. प्रत्येक जण आपल्या सामानावर बसलेला. सामानही ठरलेले: गोधडीची वळकटी, तागाच्या पिशवीत मुरमुरे, तोंड फडक्याने बांधलेला ॲल्युमिनियमचा डबा, पाण्याची दोन लिटरची बाटली, आणि ज्याला मुंबईत ओळख आहे त्याच्याकडे तिथल्या शेठसाठी गुळाची ढेप. कुणाशीही बोला. डोमजूरचा सोनार असो, पांचल्याचा जरीकाम करणारा असो की गोसाब्याचा गवंडी, तो म्हणतो, कामाला चाललोय. खोटे कुणीच बोलत नाही. पण आणखी दोन प्रश्न विचारले, की कामाच्या मागे पाणी दिसायला लागते.

हावडा जिल्ह्याच्या पश्चिमेला, आमता तालुक्याच्या टोकाला भाटोरा आणि घोडाबेडिया-चितनान या दोन ग्रामपंचायती आहेत. एका अंगाला रूपनारायण नदी, दुसऱ्या अंगाला मुंडेश्वरी. इथले लोक या भागाला ‘द्वीपांचल’ म्हणतात, आणि तो खरोखरच बेट आहे. पलीकडे जायला बांबूचे साकव. एक माणूस सायकल हातात धरून जाऊ लागला, की समोरच्याने कठड्याला पाठ लावून थांबायचे. पावसाळ्यात वरच्या धरणांतून पाणी सुटले, की साकव वाहून जातात. मग होडी. पाणी ओसरले की वर्गणी काढून पुन्हा बांबू बांधायचे. शाळकरी पोरे, बाळंतीण, भाजीच्या पाट्या, सगळे त्यावरूनच. वर्षातून एकदा साकव जायचा तेव्हा गावाने ते चालवून घेतले. पण पाणी दोनदा-तीनदा आले की हिशेब कोलमडतो. घरातला एक मुलगा बाहेर पडतो, मग दुसरा पडतो.

आता, हे सगळे हवामानबदलामुळेच होते असे मी म्हणत नाही. दामोदरचे दुखणे जुने आहे. 1948 मध्ये दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन स्थापन झाले, ते याच नदीला वेसण घालण्यासाठी. योजलेली सगळी धरणे बांधली गेली नाहीत, जी झाली त्यांत गाळ साचला, खालची नदी अरुंद झाली. झारखंडच्या पठारावर थोड्या वेळात प्रचंड पाऊस कोसळतो, मैथन आणि पंचेत धरणांतून पाणी सोडावे लागते, आणि हावडा-हुगळीत ते शेतात शिरते. सप्टेंबर 2024 मध्ये हेच झाले. राज्य सरकार म्हणाले, पूर माणसाने आणला. महामंडळ म्हणाले, पाऊसच तसा पडला. हे भांडण दर काही वर्षांनी होते आणि दोघांच्याही बोलण्यात तथ्य असते. पण आमत्याच्या शेतकऱ्याने त्याचा निवाडा करावा, अशी अपेक्षा कुणी करत नाही. पाण्याने शेत गेले, एवढे त्याला ठामपणे सांगता येते. कितवा हिस्सा आभाळाचा आणि कितवा धरणाचा, ते शास्त्रज्ञ काढतील. त्यांना काढायला काहीतरी हाती तर द्या.

हावड्याच्या खाली, हुगळीच्या मुखाशी, प्रश्न याहून सरळ आहे. लोहाचरा हे बेट पाण्याखाली गेले. घोडामारा वर्षावर्षाला झिजते आहे. तिथले लोक सागर बेटावर वसवले गेले, आणि आता सागरचेही काठ तुटत आहेत. आयलाने बांध फोडले तेव्हा खारे पाणी शेतात शिरले आणि मिठाने भरलेल्या जमिनीत पुढची काही वर्षे भाताचे नाव घेता येईना. सुंदरबनाच्या गावांतले पुरुष केरळ, तमिळनाडू, आंध्र अशा वाटांना लागले, ते तेव्हापासून. वादळ एका दिवसाचे होते, मीठ मात्र मुक्कामाला राहिले. बहुतेकांनी घर सोडले ते त्या मिठापायी.

म्हणूनच नुसता ‘नैसर्गिक आपत्ती’ असा पर्याय घालून भागणार नाही. 2021 च्या पुढे ढकललेल्या जनगणनेच्या तयारीत तो पुन्हा घालण्याची चर्चा झाली होती. आला तर स्वागतच आहे. पण आपत्ती म्हटले की माणसाला वादळ आठवते, होडीतून सुटका आठवते, शाळेतल्या छावणीतली खिचडी आठवते. आणि वादळातून पळालेले बरेचसे लोक परत येतात. पत्रे घालतात, बांध बांधतात. कायमचे जातात ते हळू आलेल्या गोष्टींमुळे. विहिरीचे पाणी मचूळ होते, नदी दर पावसाळ्यात काठाचा एकेक घास घेते, भाताची लोंबी वेळेवर भरत नाही. याला गावात कुणीच आपत्ती म्हणत नाही. म्हणतात, आता इथे काही राहिले नाही. प्रगणकाने पर्याय वाचून दाखवले, तर हा माणूस पुन्हा ‘काम’वरच बोट ठेवणार.

उन्हाचेही तसेच. एप्रिल 2024 च्या अखेरीस कोलकात्यात पारा 43 अंशांवर गेला. केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत वर्षानुवर्षे थंडीची लाट होती, उष्णतेची नव्हती. लिलुआ-बेलूरच्या ओतशाळांत वितळलेल्या लोखंडाशेजारी उभा राहणारा कामगार दुपारची पाळी झेपेनाशी झाली म्हणून गावी परतला, तर त्याची ही परतीची वाट आपण कोणत्या क्रमांकात टाकणार आहात?

मी शिबपूरला राहते, तिथून आचार्य जगदीशचंद्र बोस वनस्पती उद्यान जवळ आहे. 1787 मध्ये स्थापन झालेले हे उद्यान एका वडासाठी प्रसिद्ध आहे. त्याचे मूळ खोड रोगाने कुजले म्हणून 1925 मध्ये काढून टाकावे लागले, तरी झाड पारंब्यांवर उभे आहे. मे 2020 मध्ये अम्फानने या उद्यानातली हजाराच्या आसपास झाडे पाडली, वडालाही तडाखा बसला. पडलेल्या झाडांची गणती झाली. वडाच्या पारंब्याही मोजलेल्या आहेत. साडेतीन हजारांच्या वर भरतात. ही मोजदाद झाली पाहिजे, याविषयी दुमत नाही. पण त्याच वादळानंतर याच जिल्ह्यातून किती माणसे कायमची उठून गेली, याचा आकडा मागितला तर तो सांगणारे कार्यालय देशात नाही. असायचे तर ते आपलेच असायला हवे.

2 जून 2023 ला बालासोरजवळ बहानगा बाजार इथे कोरोमंडल एक्सप्रेसला अपघात झाला. ती गाडी हावड्याच्याच शालिमार स्टेशनातून सुटली होती. दक्षिणेत शेतावर आणि बांधकामावर निघालेले सुंदरबनातले मजूर तिच्यात मोठ्या संख्येने होते. जनरल डब्यातल्या माणसाचे नाव तक्त्यावर नसते. दोनशे नव्वदहून अधिक माणसे गेली, आणि त्यांतल्या 28 मृतदेहांना ओळख पटवणारे कुणी भेटले नाही. चार महिने वाट पाहून ऑक्टोबर 2023 मध्ये भुवनेश्वर महापालिकेने त्यांच्यावर अंत्यसंस्कार केले. जिवंतपणी ज्याची नोंद ‘कारण 1’ यापलीकडे होत नाही, त्याला अपघाताने आणखी किती बेदखल करायचे बाकी असते?

नोंद नसली की संशयाला मोकळे रान मिळते, हेही आपण महाराष्ट्रात पाहिले. जून 2025 मध्ये पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी ठरवून महाराष्ट्रातून उचलले, सीमेपलीकडे ढकलले आणि मग भारतीय असल्याचे सिद्ध झाल्यावर परत आणावे लागले. माणूस कुठून, कधी आणि का आला याची शांतपणे केलेली नोंद समाजाला शहाणे करते. नोंद नसेल, तर जो तो आपल्या मनातले कारण त्याच्या कपाळी चिकटवतो.

आणि आपण मराठी लोक या बाबतीत निराळे नाही. बीडचा ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतो, तो उन्हाळ्यातच परततो. आपली गणना फेब्रुवारीत होते, म्हणजे ऐन गाळपाच्या हंगामात. मोजणीच्या पूर्ण काळात जो घरी नसतो त्याला घरी मोजायचे नाही, सापडेल तिथे मोजायचे, असा आपला नियम. तेव्हा कोल्हापूर-सांगलीच्या फडाशेजारी, कोपीच्या तोंडाशी उभा राहून प्रगणक त्याला विचारील, का आलात? तो हातातला कोयता दाखवील. यात पाऊस कुठे नोंदवायचा? सप्टेंबर 2025 मध्ये नवरात्राच्या दिवसांत सीना नदीने सोलापूर-धाराशिवची शेते मातीसकट खरवडून नेली. त्याच आठवड्यात, 22 सप्टेंबरच्या रात्रीपासून, कोलकात्यात अडीचशे मिलिमीटर पाऊस कोसळला, हावड्यातही कमरेइतके पाणी साचले, पूजेचे मांडव भिजले आणि रस्त्यातल्या पाण्यात विजेचा धक्का लागून माणसे गेली. तुळजापूरची भवानी आणि बंगालची दुर्गा एकाच पावसात सापडल्या. त्या पावसाने ज्यांची जमीन नेली ते फेब्रुवारी 2027 पर्यंत पुण्यात, मुंबईत, सुरतेत पोचलेले असतील. आपण त्यांना 1 द्याल.

हा प्रश्न फक्त पोटाचा नाही, गावाच्या सण-जत्रांचाही आहे, म्हणून आपल्याच कार्यालयाच्या इतिहासातले एक पान पुढे करते. अशोक मित्र हे बंगालचे आयसीएस अधिकारी 1951 मध्ये पश्चिम बंगालच्या जनगणनेचे प्रमुख होते आणि 1961 च्या वेळी आपल्या खुर्चीवर होते. त्यांनी माणसांबरोबर जत्रा मोजल्या, सण मोजले, हस्तकला मोजल्या. पश्चिम बंगालच्या पूजा-पार्वण-मेळ्यांचे जाडजूड खंड त्यांच्या हाताखाली निघाले. महाराष्ट्राच्या जत्रांचाही खंड जनगणना खात्यानेच छापला. कोणत्या गावात कुठल्या तिथीला कोणाची जत्रा, किती माणूस जमते, कसली दुकाने लागतात, हे भारत सरकारने टिपून ठेवले. जगाच्या पाठीवर फार थोड्या देशांच्या जनगणनेने असे काम केले असेल. त्या खंडांतली गावे आज फिरून पाहिली, तर त्यांतली किती जत्रा भरतात, कोण भरवते, आणि ज्या भरत नाहीत त्या का, एवढे सहज कळेल.

सुंदरबनात जंगलात शिरण्याआधी हिंदू आणि मुसलमान दोघेही बोनबिबीला नमस्कार करतात. तिचे आख्यान गावात रात्रभर चालते. आख्यानात सोंगे घेणारे तरुण आता एर्नाकुलममध्ये सेंटरिंगच्या फळ्या ठोकत असतील, तर सोंगे कोण घेणार? खजुराच्या झाडाला मडके बांधून रस काढणाऱ्याला बंगालात शिउली म्हणतात. त्या रसाला निरभ्र आणि चांगली थंड रात्र लागते. थंडी उशिरा येऊन लवकर जाऊ लागली, की रसाचे दिवस आखडतात, त्याचा नोलेन गूर, म्हणजे खजुराचा गूळ, महाग होतो आणि शिउलीचा मुलगा झाडावर चढायला शिकत नाही. रूपनारायणातली इलिश मासळी कमी झाली, त्यात फराक्का बंधारा आहे, बारीक जाळी आहेत, गाळ आहे, प्रदूषण आहे, लहरी पाऊसही आहे. त्याच नदीकाठी, देउल्टीजवळ सामताबेडला कादंबरीकार शरच्चंद्रांचे घर आहे. मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे शरदबाबू मराठी घराघरांत पोचले, म्हणून इथे येणारा मराठी माणूस ते घर पाहायला जातोच. घराला 1978 च्या पुराने तडाखा दिला होता, पुढे त्याची डागडुजी झाली. शरदबाबूंच्या घराची झाली. त्यांच्या कथांतली साधी माणसे ज्या मातीच्या घरांत राहत, त्यांची डागडुजी ज्याची त्याने केली, आणि ज्याला जमले नाही तो हावड्याच्या गाडीत बसला.

बाहेरच्या जगात ही माणसे कागदावर येऊ लागली आहेत. प्रशांत महासागरातल्या तुवालू या चिमुकल्या देशाने ऑस्ट्रेलियाशी करार केला, तो ऑगस्ट 2024 मध्ये लागू झाला. त्यानुसार दर वर्षी 280 तुवालूकरांना ऑस्ट्रेलियात राहायला जाता येते, आणि करारात हवामानबदलाचे नाव स्पष्ट आहे. पहिल्याच सोडतीला देशातल्या बहुतेक लोकांची नावे आली. पनामात गार्डी सुगदुब या बेटावरच्या गुना आदिवासींची सुमारे तीनशे कुटुंबे जून 2024 मध्ये मुख्य भूमीवर नव्या वसाहतीत गेली. समुद्र चढतो आहे म्हणून गेली, असे सरकारने उघड सांगून. उलट किरिबातीच्या योआने तेइतिओता या माणसाचे उदाहरण घ्या. समुद्रामुळे मायदेशी जगणे धोक्याचे झाले म्हणून न्यूझीलंडने आपल्याला आसरा द्यावा, असे त्याचे म्हणणे होते. न्यूझीलंडने त्याला परत पाठवले. जानेवारी 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने तत्त्व मान्य केले, की अशा कारणाने जीव धोक्यात असेल तर माणसाला परत धाडता येणार नाही. पण त्याचा धोका तेवढा सिद्ध झाला नाही, असेही म्हटले. प्रश्न अखेर पुराव्याचाच उरला.

आमच्या भाटोऱ्याच्या माणसाला आसरा मागायचा नाही. तो आपल्याच देशात, आपल्याच तिकिटावर चालला आहे. पण पुरावा त्यालाही लागणार आहे. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी नदी-समुद्राच्या धुपीने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाला 1,000 कोटी आणि धूप रोखायला 1,500 कोटी रुपये सुचवले होते. तोवर कुणी या माणसांना पैशात धरले नव्हते, म्हणून हे पाऊल मोठेच. पण हे विस्थापित कोण, किती, आता कुठे राहतात? तलाठ्याकडे तुटलेल्या काठाची नोंद असेल. काठावरचा माणूस कुठे गेला, ते तलाठ्याला ठाऊक नसते. ते ठाऊक असायची शक्यता एकाच कागदावर आहे, आणि तो आपण छापता.

आपल्या अडचणींची मला कल्पना आहे. प्रगणक म्हणून दारोदार फिरलेल्या बाईला ती असणारच. एकेक प्रश्न वाढला की देशभर लाखो तास वाढतात. लोक घाईत असतात, दार अर्धेच उघडतात. कारण विचारले की काहींना वाटते, आता अनुदान मिळणार. काहींना वाटते, आता हाकलणार. तरीही हे जमण्यासारखे आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 64 व्या फेरीत, 2007-08 मध्ये, स्थलांतराच्या कारणांत नैसर्गिक आपत्ती होती आणि विकास प्रकल्पामुळे झालेले विस्थापनही होते. म्हणजे सरकारी प्रश्नावलीला हे विचारता येते. पण नमुना पाहणी घोडामाऱ्याच्या प्रत्येक उंबऱ्यापर्यंत जात नाही. जनगणना जाते.

तेव्हा नेमके काय करावे, ते लिहिते. ‘काम’ हे उत्तर आल्यावर विचारायचा पोटप्रश्न फॉर्मात घ्या, आणि त्याला लोकांच्या तोंडचे पर्याय द्या: पुराने किंवा वादळाने गेले, नदीने किंवा समुद्राने जमीन नेली, जमीन वा पाणी खारे झाले, पाऊस पडेना, ऊन सोसवेना, यांतले काही नाही. या वेळी गणना मोबाइलवर होणार असल्याने हा पोटप्रश्न ‘काम’ निवडणाऱ्यापुरताच उघडेल, बाकीच्यांचा वेळ जाणार नाही. प्रगणकांच्या पुस्तिकेत त्या त्या भागातली उदाहरणे घाला. बीडच्या प्रगणकाला लोहाचरा सांगून उपयोग नाही, त्याला न पडलेला पाऊस आणि फडावरची कोपी सांगा. गावांच्या यादीत जे मौजे आता बेचिराख झाले आहेत, त्यांच्यापुढे कारण आणि लोक कुठे वसले ते लिहा. अशोक मित्रांनी जत्रा आणि कारागिरीची जी पाहणी केली, ती निदान समुद्रकाठच्या आणि पुराच्या जिल्ह्यांत पुन्हा करा. आणि तक्त्यांसाठी आठ वर्षे लावू नका. कागदाचे गठ्ठे नसताना उशिराला सबब राहत नाही.

यातले सगळे होणार नसेल, तर पहिले तरी करा. तेही शक्य नसेल, तर का शक्य नाही ते आपण जाहीरपणे कळवावे. फक्त कृपा करून एका आकड्यात कळवू नये.

कळावे,

आपली विश्वासू,
एक माजी प्रगणक
शिबपूर, हावडा